फी भरणार अमेरिकी लष्कर. मग कॉलेज कोणते निवडायचे? ‘आरओटीसी’ शिष्यवृत्तीचे गणित काय आहे?

वर्षाला ६० हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे ५० लाख रुपयांहून अधिक फी. अमेरिकेतल्या नामांकित खासगी विद्यापीठांचा हा आजचा दर आहे. ही सगळी फी लष्कर भरणार, वर पुस्तकांचे पैसे आणि दरमहा भत्ताही देणार, असे पत्र बारावीतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पडले, की घरात पहिला विचार एकच येतो : आता मिळेल त्यातले सर्वात मोठ्या नावाचे कॉलेज घेऊन टाकायचे.

‘आरओटीसी’ शिष्यवृत्तीवर शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांची सर्वात महागडी चूक बहुतेक वेळा इथेच होते. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील पुढची पिढी आता कॉलेजच्या वयात आली आहे. त्यामुळे हा प्रश्न पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांच्या व्हिडीओ कॉलपर्यंतही पोहोचू शकतो. ही शिष्यवृत्ती नेमकी काय आहे आणि तिच्या जोरावर कॉलेज निवडताना काय पाहायचे, हे समजून घेऊ.

‘आरओटीसी’ म्हणजे काय?

रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर हे तिचे पूर्ण नाव. साध्या कॉलेजात, साध्या विद्यार्थ्यांबरोबर पदवीचे शिक्षण घ्यायचे आणि त्याच चार वर्षांत लष्करी अधिकारी होण्याचे प्रशिक्षणही पूर्ण करायचे, अशी ही व्यवस्था आहे. पदवी हातात पडते तेव्हाच कमिशनही मिळते. लष्कर आणि हवाई दलात सेकंड लेफ्टनंट, तर नौदलात एन्साइन या पदापासून नोकरी सुरू होते.

या व्यवस्थेची मुळे जुनी आहेत. व्हरमाँट राज्यातील नॉर्विच विद्यापीठ (स्थापना १८१९) हे तिचे जन्मस्थान मानले जाते. १९१६च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने आरओटीसीला आजचे रूप मिळाले, तर १९६४च्या कायद्याने शिष्यवृत्तीचा मार्ग मोकळा झाला. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांच्या तीन स्वतंत्र आरओटीसी आहेत. मरीन कोअरचे अधिकारी नौदलाच्या, तर स्पेस फोर्सचे अधिकारी हवाई दलाच्या आरओटीसीतून येतात. अर्ज, नियम आणि पैसे तिन्हींचे वेगवेगळे आहेत.

आपल्या एनसीसी आणि एनडीएपेक्षा वेगळे काय?

एनसीसीत कॉलेज सांभाळून परेड आणि शिबिरे होतात. ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांसाठी अधिकारी भरतीत विशेष प्रवेश योजनाही आहे. मात्र एनसीसी कोणाची कॉलेजची फी भरत नाही आणि पदवीनंतर नोकरीचे बंधनही घालत नाही. खडकवासल्याच्या एनडीएत खर्च सरकारचा असतो, पण तिथे कॉलेज निवडण्याचा प्रश्नच येत नाही. प्रबोधिनी हेच कॉलेज.

आरओटीसी या दोन्हींच्या मधली आहे. पैसे सरकारचे, बंधन सरकारचे, पण कॉलेज विद्यार्थ्याने निवडायचे. म्हणून निवडीची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

कोणते दल किती पैसे देते?

लष्कर : पूर्ण ट्यूशन आणि फी किंवा त्याऐवजी ठरावीक मर्यादेपर्यंत राहण्या-जेवणाचा खर्च, यापैकी एक पर्याय. याशिवाय पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० डॉलर आणि शैक्षणिक वर्षात दरमहा ४२० डॉलर भत्ता. शिष्यवृत्ती चार वर्षांची आहे की तीन, हे पत्रात नीट वाचावे. तीन वर्षांची असेल तर पहिल्या वर्षाची फी घरातून जाते.

नौदल : पूर्ण ट्यूशन आणि फी, पुस्तकांसाठी वर्षाला ७५० डॉलर. दरमहा भत्ता पहिल्या वर्षी २५० डॉलर, तो वाढत चौथ्या वर्षी ४०० डॉलर होतो. राहणे-जेवण नाही.

हवाई दल : इथे तीन प्रकार आहेत आणि कॉलेजची निवड थेट त्यांवर अवलंबून आहे. ‘टाइप १’मध्ये कोणत्याही पात्र कॉलेजची पूर्ण ट्यूशन मिळते. ‘टाइप २’ला वर्षाला १८ हजार डॉलरची मर्यादा आहे. ‘टाइप ७’ फक्त सरकारी विद्यापीठात आणि आपल्याच राज्यात, म्हणजे जिथे स्थानिक रहिवाशांचा कमी दर लागतो तिथे चालते. ‘टाइप ७’चे पत्र घेऊन महागड्या खासगी विद्यापीठाचे स्वप्न पाहण्यात अर्थ नाही.

थोडक्यात, ‘फुल स्कॉलरशिप’ या शब्दात राहणे-जेवण बहुतेक वेळा धरलेले नसते आणि मोठ्या शहरांत तोच खर्च वर्षाला १५ ते २० हजार डॉलरच्या घरात जातो. काही कॉलेजे आरओटीसी शिष्यवृत्तीधारकांना राहणे-जेवण स्वतःकडून मोफत किंवा सवलतीत देतात. ही गोष्ट लष्कराच्या पत्रात नसते, कॉलेजलाच विचारावी लागते.

शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे प्रवेश मिळाला का?

नाही. शिष्यवृत्ती देणारे वेगळे, प्रवेश देणारे वेगळे. विद्यार्थ्याने दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करायचा असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जातच पसंतीच्या कॉलेजांची यादी द्यावी लागते आणि पुढे शिष्यवृत्ती एका ठरावीक कॉलेजशी जोडली जाते. नंतर कॉलेज बदलायचे असेल तर त्या दलाची परवानगी लागते आणि नव्या ठिकाणी जागाही शिल्लक असावी लागते. ती मिळेलच याची हमी नसते.

म्हणून यादीत केवळ चार-पाच अत्यंत कठीण प्रवेशाची विद्यापीठे लिहिणे धोक्याचे आहे. शिष्यवृत्ती मिळाली, पण यादीतल्या एकाही कॉलेजने प्रवेश दिला नाही, अशी वेळ येऊ शकते. यादीत किमान एक तरी असे कॉलेज हवे, जिथे प्रवेशाची जवळपास खात्री आहे आणि शिष्यवृत्तीशिवायही परवडेल. बहुतेकांसाठी ते आपल्या राज्याचे सरकारी विद्यापीठ असते.

युनिट कॉलेजात आहे की दुसऱ्या शहरात?

वेबसाइटवर ‘आरओटीसी उपलब्ध’ एवढेच लिहिलेले असते. त्याचे दोन अर्थ होतात. एक, त्याच कॅम्पसवर युनिट, म्हणजे प्रशिक्षक अधिकारी, कार्यालय आणि वर्ग आहेत. दुसरा, ‘क्रॉसटाऊन’ म्हणजे शेजारच्या कॉलेजातल्या युनिटशी करार आहे आणि प्रशिक्षणासाठी तिथे जावे लागते.

कागदावर हा फरक लहान वाटतो. प्रत्यक्षात आठवड्यातून साधारण तीनदा पहाटेचा व्यायाम, एक-दोन लष्करी विषयांचे तास आणि काही तासांचे सराव सत्र, असा दिनक्रम असतो. व्यायाम सकाळी सहाच्या सुमारास सुरू होत असेल आणि युनिट तासाभराच्या अंतरावर असेल, तर दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. आदल्या रात्री असाइनमेंट कितीही वाजता संपलेली असो.

प्रत्यक्ष उदाहरणे पाहा. हार्वर्डच्या कॅडेटना शेजारच्या एमआयटीत जावे लागते. हे अंतर तसे थोडे आहे. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना लष्करासाठी सांता क्लारा, हवाई दलासाठी सॅन होजे आणि नौदलासाठी थेट बर्कली गाठावे लागते. स्टॅनफर्ड ते बर्कली हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे आणि बे एरियातील वाहतूक कशी असते, हे तिथल्या मराठी मंडळींना सांगायला नको. याउलट बर्कलीत तिन्ही दलांची युनिट कॅम्पसवरच आहेत. न्यू जर्सीच्या रटगर्समध्येही, न्यू ब्रन्सविकला, तिन्ही आहेत.

यामागे इतिहासही आहे. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात झालेल्या आंदोलनांनंतर हार्वर्ड, येल, कोलंबिया यांसारख्या विद्यापीठांतून आरओटीसी बाहेर पडली. समलिंगी व्यक्तींना उघडपणे लष्करी सेवा करू न देणारा कायदा २०११मध्ये संपुष्टात आल्यावर ती या विद्यापीठांत अधिकृतपणे परतली. येलमध्ये २०१२पासून नौदल आणि हवाई दलाची युनिट आहेत. मात्र, अनेक नामांकित ठिकाणी आजही ‘क्रॉसटाऊन’च चालते. काही विद्यापीठांत लष्करी विषयांचे श्रेयांक पदवीसाठी धरलेही जात नाहीत. म्हणजे मेहनत होते, पण पदवीचे ओझे तेवढेच राहते.

दुसऱ्या टोकाला सहा ‘सीनियर मिलिटरी कॉलेजे’ आहेत : टेक्सास ए अँड एम, व्हर्जिनिया टेक, द सिटाडेल, व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट, नॉर्विच आणि युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ जॉर्जिया. इथे कॅडेट गणवेशात, शिस्तीत आणि एकत्र राहतात. कोणाला हेच हवे असते, तर कोणाला कॉलेजचे मोकळे आयुष्य हवे असते. यात बरोबर-चूक काही नाही, पण प्रवेशापूर्वी स्वतःला ओळखलेले बरे.

शाखा की कॉलेज?

कॅप राउंडमध्ये ‘कॉलेज चांगले की शाखा आवडती’ या पेचातून गेलेल्या पालकांना हा प्रश्न नवा नाही. इथे त्यात तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे शिष्यवृत्ती देणारे दल.

नौदल अभियांत्रिकी, गणित आणि विज्ञान शाखांना मोठे प्राधान्य देते. नौदलाच्या शिष्यवृत्तीधारकाने मानव्यविद्येची शाखा घेतली तरी कॅल्क्युलसचे दोन आणि कॅल्क्युलसवर आधारित भौतिकशास्त्राचे दोन सत्र-अभ्यासक्रम पूर्ण करावेच लागतात. मरीनच्या पर्यायाला ही सक्ती नाही. हवाई दलाचाही कल तांत्रिक शाखांकडे असतो. लष्कर शाखेबाबत तुलनेने मोकळे आहे. ज्या शाखेवर शिष्यवृत्ती मिळाली ती मधेच बदलायची तर परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे केवळ निवड होण्यासाठी अभियांत्रिकी लिहायचे आणि मग बदलू, हा डाव उलटू शकतो.

दुसरा पेच गुणांचा. पदवीनंतर पायदळ मिळणार की सायबर, विमान मिळणार की कार्यालय, हे ठरवताना कॅडेटचे मूल्यमापन होते आणि त्यात कॉलेजचे गुण, शारीरिक क्षमता आणि नेतृत्वगुण मोजले जातात. अतिशय चुरशीच्या कॉलेजात कठीण शाखा घेऊन जेमतेम गुण मिळवणारा विद्यार्थी इथे मागे पडू शकतो.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. लष्कराच्या कॅडेटना तिसऱ्या वर्षानंतर केंटकीतील फोर्ट नॉक्स येथे सुमारे पाच आठवड्यांचे शिबिर करावे लागते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी नेमके त्याच उन्हाळ्यात इंटर्नशिप करतात. हवाई दलाचे मुख्य शिबिर साधारण दुसऱ्या वर्षानंतर अलाबामात असते. वेळापत्रक लवचीक असणाऱ्या कॉलेजात हे जुळवता येते, सगळीकडे नाही. अभ्यासक्रम पाच वर्षांचा असेल तर शेवटच्या वर्षाची फी कोण भरणार, हेही आधीच विचारावे.

शिष्यवृत्ती हातची गेली तर?

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हाच.

शिष्यवृत्ती जाण्याची कारणे अनेक असतात. निवड झाल्यावरही संरक्षण खात्याच्या वैद्यकीय मंडळाची मान्यता लागते. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचा त्रास झाल्याची नोंद असेल, तरीही विद्यार्थी अपात्र ठरू शकतो. विशेष सवलत मागता येते, पण ती मिळेपर्यंत महिने जातात. पुढे गुण घसरले, शारीरिक चाचणी जमली नाही, दुखापत झाली किंवा पहिल्या वर्षातच ‘हे आपले काम नाही’ असे वाटले, तरीही मार्ग बदलतो.

इथे एक तारीख महत्त्वाची आहे. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीवर असलेला विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत बाहेर पडला, तर त्याच्यावर सामान्यतः सेवेचे किंवा परतफेडीचे बंधन नसते. दुसरे वर्ष सुरू झाले की बंधन लागू होते. त्यानंतर सोडल्यास सरकार पैसे परत मागू शकते किंवा साधा सैनिक म्हणून सेवा करायला लावू शकते.

आता एक काल्पनिक हिशेब. समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमधील एका मुलीसमोर दोन पर्याय आहेत. खासगी विद्यापीठाची फी वर्षाला ६० हजार डॉलर आणि राहणे-जेवण १८ हजार. राज्याच्या विद्यापीठाची फी १८ हजार आणि राहणे-जेवण १५ हजार. दोन्हीकडे लष्कर फक्त फी भरणार.

शिष्यवृत्ती चारही वर्षे टिकली तर कुटुंबाला पहिल्या ठिकाणी ७२ हजार आणि दुसऱ्या ठिकाणी ६० हजार डॉलर पडतात. फरक १२ हजारांचा. एवढ्यासाठी मोठ्या नावाचे कॉलेज सोडणे कोणालाही जिवावर येईल.

पण पहिल्या वर्षानंतर शिष्यवृत्ती थांबली तर? उरलेल्या तीन वर्षांचा खर्च पहिल्या ठिकाणी २ लाख ३४ हजार डॉलर, दुसऱ्या ठिकाणी ९९ हजार. फरक एकदम १ लाख ३५ हजारांवर जातो. अशा वेळी मुलीसमोर दोनच वाटा उरतात. मोठे कर्ज काढायचे किंवा कॉलेज सोडायचे. त्याहून वाईट म्हणजे, मनात नसतानाही केवळ फीसाठी दुसऱ्या वर्षात पाऊल टाकायचे आणि पुढची अनेक वर्षे गणवेशात बांधून घ्यायचे.

श्रीमंत खासगी विद्यापीठे कुटुंबाच्या उत्पन्नानुसार स्वतःची आर्थिक मदत देतात. त्यामुळे प्रत्येक घराचे आकडे वेगळे येतील. मात्र, ‘शिष्यवृत्ती गेली तर हे कॉलेज आम्हाला किती पैशांत पडेल’ हा आकडा प्रवेशापूर्वी कॉलेजकडून लेखी घेणे, हाच यावरचा उपाय आहे.

सेवेचे बंधन किती वर्षांचे?

लष्करात एकूण आठ वर्षे. शिष्यवृत्तीधारकासाठी साधारण चार वर्षे पूर्णवेळ आणि उरलेली राखीव दलात. काहींना संपूर्ण काळ नॅशनल गार्ड किंवा राखीव दलात अर्धवेळ सेवा करण्याचीही वाट असते. नौदलात चार वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षे पूर्णवेळ, मरीनमध्ये चार. हवाई दलात बहुतेकांना चार वर्षे, पण वैमानिकांना प्रशिक्षण संपल्यानंतर दहा वर्षे. अठराव्या वर्षी केलेली सही तिशीपर्यंत सोबत करते.

मोठ्या नावाच्या कॉलेजचा पुढे फायदा होतो का?

सेवेत शिरताना सगळ्यांची पदरँक एकच असते. सेकंड लेफ्टनंटच्या खांद्यावर कॉलेजचे नाव लिहिलेले नसते.

अमेरिकी सैन्यदलांच्या सर्वोच्च पदाकडे, जॉइंट चीफ्स ऑफ स्टाफच्या अध्यक्षपदाकडे पाहिले तरी हे दिसते. १९८९ ते १९९३ या काळात ते सांभाळणारे कॉलिन पॉवेल हे जमैकाहून आलेल्या स्थलांतरितांचे पुत्र. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेज या सरकारी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकताना त्यांनी आरओटीसी केली आणि १९५८मध्ये कमिशन मिळवले. २०१९मध्ये अध्यक्ष झालेले मार्क मिली प्रिन्स्टनचे, त्यांच्यानंतरचे चार्ल्स ब्राउन टेक्सास टेकचे आणि २०२५मध्ये आलेले डॅन केन व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटचे. चौघेही आरओटीसीतून आले, चार वेगळ्या प्रकारच्या कॉलेजांतून.

याचा अर्थ नामांकित कॉलेज निरुपयोगी आहे असा नाही. लष्करातून बाहेर पडल्यावर, तिशीच्या आसपास दुसरी नोकरी शोधताना पदवीचे नाव उपयोगी पडते. पण त्यासाठी पदवी नीट पूर्ण झालेली असावी लागते.

मराठी कुटुंबांनी आणखी काय तपासावे?

पहिली अट नागरिकत्वाची. आरओटीसी शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते. ग्रीन कार्ड पुरत नाही आणि भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ती मिळत नाही.

दुसरा मुद्दा ओसीआय कार्डाचा. भारताच्या नियमांनुसार परदेशी सैन्यात सेवेत असलेली किंवा तिथून निवृत्त झालेली व्यक्ती ओसीआयसाठी पात्र नाही. मुलाकडे हे कार्ड आधीपासून असेल तर पुढे काय, हे करारावर सही करण्यापूर्वी भारतीय वाणिज्य दूतावासाकडून स्पष्ट करून घ्यावे.

तिसरा मुद्दा सुरक्षा पडताळणीचा. अधिकारी होण्यासाठी ती होते आणि अर्जात परदेशातील जवळचे नातेवाईक आणि संपर्क यांची माहिती विचारली जाते. भारतात आजी-आजोबा, मामा, काका आहेत हे सरळ लिहावे. माहिती दडवणे जास्त महागात पडते.

चौथे, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत २१ वर्षांवरील प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे. लष्करात मात्र नाही. चाचणीत सापडल्यास शिष्यवृत्ती जाऊ शकते.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

अमेरिकेत बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. त्याआधी या प्रश्नांची उत्तरे हाती असावीत :

- युनिट याच कॅम्पसवर आहे का? नसल्यास किती दूर आणि जाण्या-येण्याची सोय कोण करते?
- शिष्यवृत्ती किती वर्षांची आणि कोणत्या प्रकारची? या कॉलेजची पूर्ण फी तिच्यात बसते का?
- राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा? कॉलेज त्यात काही सवलत देते का?
- लष्करी विषयांचे श्रेयांक माझ्या शाखेच्या पदवीत धरले जातात का?
- माझ्या शाखेतले किती कॅडेट चार वर्षांत पदवी पूर्ण करतात?
- शिष्यवृत्ती थांबली तर कॉलेजची आर्थिक मदत किती मिळेल?

शक्य असेल तर युनिटला प्रत्यक्ष भेट द्यावी आणि पहाटेचा व्यायाम पाहावा. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कॅडेटशी, अधिकारी आसपास नसताना, दहा मिनिटे बोलावे. माहितीपत्रकात नसलेल्या बऱ्याच गोष्टी तेव्हा कळतात.

शेवटचा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचा आहे. उद्या शिष्यवृत्ती नसली तरी मी याच कॉलेजात शिकेन का? आणि उद्या फी माफ झाली तरी मला अधिकारी व्हायचे आहे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर कॉलेज बरोबर निवडले आहे. एकाचे जरी ‘नाही’ असले, तरी १ मेपर्यंत यादी पुन्हा उघडून बसायला वेळ असतो.